हवेतून पसरणाऱ्या विषाणूंवर मास्क: सक्ती हवी की नको?

तंतुजाल: ‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मास्कची छिद्रं त्याहून मोठी, मग मास्क कशाला?’ हे अजूनही ऐकू येतं. विषाणू सुटा उडत नाही, श्वासातल्या ओलसर कणांतून येतो. आणि एन९५ मास्क चाळणीसारखा चालतच नाही. त्याच्या पॉलिप्रॉपिलीनच्या थरावर स्थिर विद्युतभार असतो, तो कण ओढून घेतो. मोठे कण तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण भरकटत येऊन चिकटतात. अडवायला सर्वांत कठीण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणून ९५ टक्क्यांची कसोटी तिथेच लावतात. साथीत बंद जागी एन९५ सक्तीचाच हवा.

आकडेमोड: गाळणक्षमता वेगळी, समाजातला परिणाम वेगळा. डेन्मार्कमध्ये २०२० साली, कोविडच्या साथीत, सुमारे ६,००० जणांवर सर्जिकल मास्कची चाचणी झाली. मास्क गटात १.८ टक्के बाधित, दुसऱ्यात २.१. एवढ्या फरकावर सक्ती लादता येत नाही.

तंतुजाल: त्या चाचणीने फक्त घालणाऱ्याचा बचाव मोजला. बाधिताच्या तोंडून निघणारे कण किती अडले, हे पाहिलंच नाही. शिवाय मास्क गटातल्या निम्म्याहून कमी जणांनी तो सांगितल्याप्रमाणे वापरला. बांगलादेशातली सुमारे ६०० गावांची चाचणी बघा. मास्कचा वापर १३ वरून ४२ टक्क्यांवर गेला, आणि सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत रक्तचाचणीने सिद्ध झालेला लक्षणांसह संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी घटला. साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी!

आकडेमोड: तिथेच कापडी मास्कचा स्पष्ट फायदा दिसला नाही. आणि मास्क वाटलेल्या गावांत लोक अंतरही जास्त राखत होते. मग सगळं श्रेय मास्कला कसं द्यायचं?

घट्टबंद: दोघांच्याही बोलण्यात फिटिंग राहिलं. हवा फटीतूनच आधी घुसते. एन९५चा खालचा पट्टा कानांखालून मानेवर, वरचा डोक्याच्या मागच्या उंच भागावर. नाकपट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. एका हाताने चिमटली तर मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग मास्कवर ओंजळ धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकपट्टी पुन्हा बसवा, गालांकडे लागला तर पट्टे. दाढी असेल तर कडा बसतच नाही. साबणाने किंवा अल्कोहोलने धुतला की विद्युतभार जातो. दिसायला मास्क तसाच, गाळण मात्र घसरलेली. उच्छ्वासाची झडप असलेला मास्क तर बाधिताने घालूच नये, सोडलेला श्वास तिथून न गाळता बाहेर पडतो. सर्जिकल मास्कच असेल तर कानाच्या दोऱ्यांना कडेलगत गाठ मारा आणि बाजूच्या चुण्या आत खोचा.

आकडेमोड: हे पटतं. पण मग सक्तीच्या नियमात ‘नाक-तोंड झाकावे’ एवढंच लिहून भागणार नाही. कोणता मास्क आणि कसा, तेही लिहावं लागेल.