मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी: एक महिना स्टिरॉइड, एक महिना सायक्लोफॉस्फामाइड, असं आलटूनपालटून का देतात?

कृष्णाकाठ:
सांगलीहून लिहितोय. बाबा ५८ वर्षांचे. पायांची सूज मांड्यांपर्यंत चढली तेव्हा तपासण्या केल्या. चोवीस तासांच्या लघवीत ८ ग्रॅम प्रोटीन, रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) घसरून २.१, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र ठीक, १.१. बायोप्सीत मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी (किडनीची गाळणी बिघडून लघवीतून प्रोटीन जाण्याचा आजार) निघाली, पीएलए२आर (या आजारातल्या अँटीबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह. सहा महिने थांबून पाहिलं, प्रोटीन हटेना. आता डॉक्टर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या महिन्यात स्टिरॉइड आणि मधल्या महिन्यांत सायक्लोफॉस्फामाइड म्हणतात. ते कॅन्सरचं औषध असल्याचं कळल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही. नुसत्या स्टिरॉइडवर भागणार नाही का?

सिस्टर_निवृत्त:
नाही भागत. मी किडनी वॉर्डातच नोकरी केली, म्हणून कळकळीने सांगते. बाबांचं शरीर स्वतःच्याच किडनीच्या गाळणीविरुद्ध अँटीबॉडी बनवतंय. त्या बनवणाऱ्या पेशींना सायक्लोफॉस्फामाइड आवरतं. आलटूनपालटून दिल्याने दोन्ही औषधांचा एकूण डोस आटोक्यात राहतो. ही पद्धत इटलीच्या डॉ. पाँटिचेल्लींची, १९८४ पासूनची. तेव्हा सायक्लोफॉस्फामाइडच्या जागी क्लोरॅम्ब्युसिल ही गोळी होती. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेने ९३ रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये आला. दहा वर्षांनंतर डायलिसिसविना जगणारे उपचार घेतलेल्यांत ८९ टक्के, न घेतलेल्यांत ६५. आईंना हे आकडे सांगा.

आता घरचं. सायक्लोफॉस्फामाइडची गोळी सकाळीच द्या, लघवी तुंबवू देऊ नका, कारण हे औषध मूत्राशयाला इजा करतं. सूज आहे, तेव्हा पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. लघवी लाल दिसली तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा. सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) ठरल्या तारखेला झालीच पाहिजे, पांढऱ्या पेशी घसरतात. आणि ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. हे मी कितीदा सांगितलं तरी मला कमीच वाटतं.

गोदाकाठची:
माझ्या यजमानांची स्टिरॉइडच्या महिन्यात साखर फार चढली होती. ग्लुकोमीटर आधीच आणून ठेवा. रिटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधाबद्दलही विचारा, तेही या आजारात देतात, पण आम्हाला खर्च झेपला नाही.

कृष्णाकाठ:
सिस्टर, आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ती विचारते, टीबीची तपासणी कशाला सांगितली? बाबांना खोकला नाही.

सिस्टर_निवृत्त:
दबून राहिलेला टीबी प्रतिकारशक्ती उतरली की डोकं वर काढतो. हेपॅटायटिस बीचंही तसंच. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय स्टिरॉइडचं पहिलं सलाईन लावू देऊ नका.