शेजाऱ्यांची दोस्ती आणि आपला किनारा
"आपलं सैन्य मोठं आहे, शेजारी कोणाशी दोस्ती करतात याने काय फरक पडतो?" असं कोणी म्हणालं की मला ते अजिबात पटत नाही. निदान मुंबईत बसून तरी असं म्हणू नये.

९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ 'आयएनएस खुखरी' बुडाली. मुंबईहून निघालेल्या त्या युद्धनौकेवरचे १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परत आले नाहीत. ती बुडवणारी पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर' फ्रेंच बनावटीची होती. आज त्याच नावाच्या वर्गातल्या आठ पाणबुड्या पाकिस्तान चीनकडून घेतोय, त्यातल्या चार कराचीतच बांधायच्या आहेत. म्हणजे नुसती खरेदी नाही, बांधणीचं तंत्रही हाती येणार. माझ्या मते खरी काळजी इथे आहे.

श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे आहे. बांगलादेशात २०२४ मध्ये सत्तापालट झाल्यावर ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणाऱ्या, बांगलादेशला खेटून असलेल्या सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. एकेकटं बघितलं तर यातलं काहीच युद्धाचं कारण नाही. पण सीमा आणि समुद्र एकाच वेळी सांभाळायचे म्हटले की जहाजं, माणसं, पैसा सगळंच विभागलं जातं, आणि आपल्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये एक पाणबुडी बांधायला वर्षानुवर्षं लागतात.