फुग्यांचं घर आणि आपले वाडे: 'अप' पाहतानाचे अनुभव लिहा

पोरांचा सिनेमा म्हणून पिक्सार स्टुडिओचा अ‍ॅनिमेशनपट 'अप' (२००९) बघायला भाच्याला घेऊन गेले होते. बायको एली गेल्यावर म्हातारा कार्ल घराला फुगे बांधून अख्खं घरच उडवत नेतो, अशी गोष्ट. सुरुवातीलाच कार्ल आणि एलीचा अख्खा संसार चारेक मिनिटांत उलगडतो, संवाद एकही नाही, फक्त मायकल जियाकिनोचं संगीत. भाचा विचारतोय, "मावशी, ती आजी कुठे गेली?" आणि मी पॉपकॉर्नच्या पुड्यात डोकं घालून बसलेली. नाशिककरांनो, तुमचं काय झालं ते लिहा. असे सिनेमे बनतात कसे हे ठाऊक असेल, तर तेही येऊ द्या.

रविवार कारंज्याचा नातू

आमचा वाडा होता तिथे. शेजारचे दोन पडून इमारती उभ्या राहिल्या, तरी आजोबा ओसरीवर सुपारी कातरत बसायचे. बिल्डरचा माणूस आला की "पाणी दे रे त्याला", एवढंच. आजीला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी लॅपटॉपवर 'अप' लावून दिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण सुरुवातीला गरजच पडली नाही. टपालपेटीला धक्का लावणाऱ्या कामगाराला कार्ल काठी हाणतो, तिथे म्हणाले, "बरोबर केलं." शेवटी घर हलकं करायला तो सामान बाहेर टाकतो, ते मात्र पटलं नाही. मग थोड्या वेळाने, "दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या बघ त्याने."

वाडा पुढे पाडलाच. झोपाळा फ्लॅटवर आणला, पण छताला कड्या नाहीत. गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलाय.

सिडकोची अ‍ॅनिमेटर

क्लासमध्ये पहिले काही आठवडे नुसता चेंडू उडवायला लावतात. मग सरांनी कार्ल दाखवला: डोकं, चष्मा, खुर्ची, सगळं चौकोनी. एली मात्र गोल. माणूस अडून बसलाय हे आकारातूनच कळतं. घर जमिनीवरून सुटतं त्या दृश्यात २०,६२२ फुगे आहेत, पुढे तरंगताना बहुतेक दृश्यांत १०,२९७. खरं घर उचलायचं तर दोन-तीन कोटी लागतील, असा हिशेब पिक्सारच्याच लोकांनी केला होता.

आम्ही चौघांनी गोदाघाटावरच्या एका पोराची सव्वा मिनिटाची फिल्म केली. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ९०० चित्रं! गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवली. पोरं म्हणाली "परत लाव", एक काका म्हणाले "यात पैसे किती मिळतात?" मी त्यांना फाळक्यांचं सांगितलं. त्र्यंबकचा माणूस, १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम टिपत बसला होता. पुढे १९१५ मध्ये आगकाड्या नाचवल्या. काका म्हणाले, "हो, पण त्यांचं कर्ज फिटलं का?"

डोंगरवेडा

सिनेमातला तो सपाट माथ्याचा डोंगर बघून मला थेट अंजनेरी आठवली. तिकडे त्याला टेपुई म्हणतात. व्हेनेझुएलाकडचे हे पहाड वालुकाश्माचे, आपले बेसॉल्टचे. पण वरचा कठीण थर टिकतो आणि कडे तुटत जातात, हे दोन्हीकडे सारखंच. सिनेमा करणारे रोराईमावर स्वतः चढून गेले होते. सिनेमातला धबधबा बेतलाय तिथल्याच एंजल फॉल्सवर, ९७९ मीटरच्या.

सातपूरहून, विरोधी मत

पहिली दहा मिनिटं सोन्यासारखी. नंतर कुत्रे विमानं चालवायला लागले तिथे मी मोबाईल काढला. फ्रान्समधला कान चित्रपट महोत्सव याच सिनेमाने उघडला, ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतही गेला. असेल बुवा.

चौथीच्या बाई

कुत्र्यांवर बोलायचं काम नाही! वर्गात शेवटच्या तासाला लावला होता. बोलणारा कुत्रा डग मधेच "खार!" म्हणून मान वळवतो, त्यावर पोरं बाकांवरून पडायची बाकी होती. आता मी भागाकार शिकवताना कुणी खिडकीबाहेर बघितलं की मागचा बाक ओरडतो, "खार!" मुख्याध्यापक विचारतायत, हे काय चाललंय.