एआय सहायकाची आवर्ती कामे: एकच काम दोनदा का होते?

प्रश्न

गेले काही महिने मी एका एआय सहायकाकडे ठरावीक वेळेची बारा-तेरा कामे सोपवली आहेत. रोज सकाळी ७ वाजता ईमेलचा सारांश, दर सोमवारी प्रकल्पाचा अहवाल, थकलेल्या बिलांची स्मरणपत्रे अशी ती आहेत आणि सर्व क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालतात. मात्र काही वेळा एकाच ग्राहकाला तेच स्मरणपत्र दोनदा जाते. संगणक बंद असताना एखाद्या कामाची वेळ टळली, तर ते त्या दिवशी होतच नाही. शिवाय मागच्या महिन्यात संपलेल्या प्रकल्पाचा अहवाल सहायक अजूनही निष्ठेने लिहितो आहे आणि सांगण्यासारखे काही नसल्याने जुनेच मुद्दे नव्या शब्दांत घोळवतो. सूचना अधिक कडक लिहून हे सुटेल, की रचनाच चुकली आहे?

उत्तर १

रचनाच चुकली आहे. ‘दोनदा पाठवू नकोस’ असे सूचनेत लिहून उपयोग होत नाही, कारण क्रॉनमधून सुरू होणारी प्रत्येक फेरी सहसा कोऱ्या संदर्भाने सुरू होते आणि आधीच्या फेरीत काय घडले, हे सहायकाला कोणी दाखवल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे बहुधा असे होत असावे की पत्र जाते, पण त्याची पोच येण्याआधीच टाइमआउट होतो, म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपते, आणि पुन्हा प्रयत्न करणारी यंत्रणा ते अपयश समजून तेच पत्र परत पाठवते.

यासाठी प्रत्येक पत्राला बिलाचा क्रमांक आणि स्मरणपत्राचा क्रम यांची मिळून एक खूण द्यावी, ती एका फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये नोंदवावी आणि पाठवण्यापूर्वी तपासावी. ही तपासणी साध्या कोडनेच व्हावी; मॉडेलने ‘बहुधा पाठवले आहे’ असा अंदाज करण्याची ही जागा नव्हे. खरा पेच खूण कधी नोंदवायची हा आहे. पाठवल्यानंतर नोंदवली आणि मध्येच काही बंद पडले, तर पत्र दोनदा जाऊ शकते. आधी नोंदवली, तर ते कधीच न जाण्याचा धोका राहतो. मी आधी ‘पाठवत आहे’ आणि पोच आल्यावर ‘पाठवले’ असे लिहितो. जी नोंद पहिल्याच अवस्थेत अडकून राहते, तिचा निर्णय सहायकाने घ्यायचा नाही, ती माझ्यापुढे यायची. पैशांच्या बाबतीत एवढी सावधगिरी मला जास्त वाटत नाही.

एक फेरी लांबली आणि तेवढ्यात दुसरी सुरू झाली, तरीही हाच घोटाळा होतो. लिनक्सवर ‘एफलॉक’ या आज्ञेने कामाला कुलूप लावले, की पहिली फेरी संपेपर्यंत दुसरी सुरू होत नाही.

उत्तर २

टळलेल्या वेळेबद्दल लिहितो. क्रॉन मागचे काम भरून काढत नाही; संगणक बंद असेल, तर ती फेरी गेली. रोजच्या किंवा आठवड्याच्या कामांसाठी चुकलेली फेरी नंतर चालवणारे ॲनाक्रॉन वापरता येते, किंवा सिस्टमडी या लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय चालू ठेवता येतो. अशा टायमरच्या कितीही फेऱ्या चुकल्या असल्या, तरी संगणक सुरू झाल्यावर काम एकदाच होते. मात्र सगळीच कामे भरून काढण्याजोगी नसतात. सोमवारचा अहवाल मंगळवारी चालेल, पण सकाळचा सारांश सायंकाळी कोणाला हवा असतो? शिवाय उशिरा झालेल्या फेरीत सहायकाने ‘काल’ म्हणजे कोणता दिवस समजायचा, हेही ठरवावे लागते. म्हणून सूचनेत ‘कालच्या ईमेल’ असे न लिहिता मागच्या यशस्वी फेरीपासून आतापर्यंतचा काळ, तारीख-वेळेसह, कोडने भरून द्यावा.

जाता जाता: क्रॉनच्या मिनिटांच्या रकान्यात ‘दर ४०’ असे लिहिले, तर काम दर ४० मिनिटांनी होत नाही, प्रत्येक तासाच्या ० आणि ४० व्या मिनिटाला होते. तसेच महिन्याची तारीख आणि वार दोन्ही नेमून दिले, तर त्यांपैकी कोणतेही एक जुळले तरी काम सुरू होते. सहायकाला बोली भाषेत वेळापत्रक सांगून क्रॉनची ओळ लिहून घेत असाल, तर पुढच्या पाच फेऱ्यांच्या तारखा कोडने काढून पाहिल्याशिवाय ती स्वीकारू नका.

उत्तर ३

संपलेल्या प्रकल्पाबाबत: काम नोंदवतानाच त्याची अखेरची तारीख मागावी, आणि ती उलटल्यावर मुदत वाढवल्याशिवाय काम चालू नये. त्याचबरोबर ‘नवीन काही नसल्यास अहवाल लिहू नये, तेवढेच कळवावे’ अशी मुभा सूचनेत स्पष्ट द्यावी. ती नसेल, तर अहवाल मागितला म्हणून अहवाल मिळतोच.

प्रश्नकर्ता

तिन्ही उत्तरांबद्दल आभार. खुणांची नोंद सुरू केली आणि पहिल्याच दिवशी दोन पत्रे ‘पाठवत आहे’ या अवस्थेत अडकलेली दिसली; पाठवलेल्या ईमेलमध्ये पाहिले, तर दोन्ही पत्रे गेलेली होती. अखेरच्या तारखा घालू लागलो, तेव्हा बारा-तेरांपैकी चार कामे कशासाठी ठेवली होती, हेच मला आठवेना. ती बंद केली आहेत.