मदत हवी आहे: तायक्वांदो खेळणाऱ्या मुलीचं वजन ४९ वर आणायला सांगताहेत, काय करू?

खानापूरची शिलाई

नमस्कार सगळ्यांना. इथं मी आजवर नुसती वाचत आलेय, लिहायची पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही खानापूर तालुक्यात एका खेड्यात राहतो, मी घरी शिवणकाम करते, हे बेळगावला फौंड्रीत आहेत. थोरली पोरगी सोळा वर्षांची, यंदा एसएसएलसी म्हणजे दहावी झाली, आता पीयूसीला, म्हणजे अकरावीला. पाचवीपासून तायक्वांदो खेळते. क्लास बेळगावला, आठवड्यातनं चार दिवस जाते, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेपासून पोरींना बसचे पैसे लागत नाहीत म्हणून तर हे जमतंय, नाहीतर रोजचं तिकीट काढून एवढं झालं नसतं.

पोरगी चांगली खेळते, आई म्हणून सांगत नाही, जिल्ह्याला दोनदा पहिली आली. घरात दिवसभर हाना दुल सेत चाललेलं असतं, धाकट्यालापण कोरियन मोजणी पाठ झाली. पानिपाक म्हणून थायलंडची खेळाडू आहे तिचे व्हिडिओ ती शंभरदा बघते, मलापण दाखवलंय, टोकियोच्या फायनलला समोर स्पेनची सतरा वर्षांची पोरगी, शेवटचे काही सेकंद राहिलेले आणि पानिपाक एका पॉइंटनं मागं, तेवढ्यात तिनं पोटावर किक मारली आणि ११-१० नं सोनं नेलं. नंतर २०२४ ला पॅरिसलापण तिलाच सोनं. ही बाई ४९ किलोत खेळायची. त्या आकड्यानंच आमच्या घरात आता घोर लावलाय.

झालं असं की मार्चमध्ये सरांनी सांगितलं, तू आता ज्युनिअरला ५२ मध्ये खेळू नको, ४९ मध्ये ये, ऑलिम्पिकला ४९ आणि एकदम ५७ असतं, ५२ ला पुढं वाटच नाही. तिचं वजन तेव्हा ५२ ला थोडं कमी होतं. मला हे काहीच माहीत नव्हतं. स्पर्धेचा फॉर्म आला तो कन्नडमध्ये, मला कन्नड बोलायला येतं पण वाचायला अडखळते, गिऱ्हाईक बसलेलं होतं, मी घाईत सही करून टाकली. आता परत तिच्या फोनमध्ये फोटो बघितला तर तूक म्हणून जो रकाना आहे त्यात ४९ लिहिलंय. तूक म्हणजे वजन हे मला काय माहीत नाही असं नाही हो, पण बघितलंच नाही, आणि ते आता मनाला लागून राहिलंय.

मे महिन्यात एका पहाटे मला जाग आली तर पोरगी रेनकोट घालून पळायला निघालेली. वळवाचा पाऊसपण नव्हता त्या आठवड्यात. मी म्हटलं हे काय, तर म्हणाली गार वाटतंय. मी गप्प बसले. ती आली आणि आंघोळीला गेली तेव्हा खुंटीवरचा रेनकोट हातात घेतला, बाहेरनं खडखडीत कोरडा आणि आतनं पाणी निथळतंय. माझ्या हातावर तो घाम लागला, अजून आठवलं की कसंतरी होतं.

मग दोन दिवसांनी दळण आणायला गेले तर गिरणीवाले काका म्हणाले, वहिनी, तुमची पोरगी रोज संध्याकाळी येऊन काट्यावर उभी राहून जाते, बरं आहे ना तिचं? पोत्यांच्या काट्यावर! काका म्हणाले काल ५० सहाशे भरली. घरी येऊन पीयूसीच्या युनिफॉर्मचं माप घ्यायचं निमित्त केलं, मार्चमधलं माप वहीत होतंच, कंबर दोन इंच उतरलेली आणि दंडसुद्धा सैल. जेवलीस काय विचारलं की एकच उत्तर, मी जेवलो की आई. डब्यातली भाकरी ती मैत्रिणीला देते हे नंतर कळलं. आणि ह्या सगळ्यात मोठं म्हणजे दोन महिने झाले पाळी आलेली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली बरंच झालं की, पांढऱ्या ड्रेसवर भीती नाही.

सरांबद्दल माझ्या मनात वाईट नाही. फी थकली तरी कधी बोलले नाहीत, परगावी नेताना पोरींची काळजी घेतात. पण ते पुरुष माणूस, पाळीचं त्यांच्याशी कसं बोलू. ह्यांना सांगितलं तर क्लासच बंद करा म्हणतील, तेही मला नको, पोरीच्या अंगात तेवढं एकच वारं आहे. स्पर्धा जुलैत आहे.

मला विचारायचं ते असं, की सोळा वर्षांच्या पोरीनं तीन किलो कमी करणं खरंच धोक्याचं आहे का मीच घाबरलेय? ४९ शिवाय पुढं वाटच नाही हे खरं आहे काय? आणि फॉर्ममध्ये गेलेला वजनगट बदलता येतो का? कुणाच्या पोरी खेळत असतील तर प्लीज सांगा.

काळा पट्टा

ताई, मी स्वतः बारा वर्षं खेळले, आता कोल्हापूरला शाळेत पीटी शिकवते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण सगळा घोळ तिथंच आहे.

सर म्हणतात ते ऑलिम्पिकपुरतं खरं आहे. तिथं बायकांचे चारच गट, ४९, ५७, ६७ आणि त्याच्या वरचा. पण ऑलिम्पिक म्हणजेच सगळं नाही. वर्ल्ड चॅम्पियनशिपला आठ गट असतात आणि त्यात ५३ आहे. एशियन गेम्सला २०१८ ला जकार्तात आणि नंतर हांगझोऊला, दोन्हीकडं बायकांना ५३ होता. म्हणजे तुमची पोरगी आज ५२ मध्ये ज्युनिअर खेळली आणि सिनिअरला गेल्यावर ५३ मध्ये राहिली तरी एशियन गेम्सपर्यंतची वाट सरळ आहे. भारताला तर तायक्वांदोत ऑलिम्पिकला अजून खेळाडू पाठवायचाच आहे, पॅरालिम्पिकला तेवढी अरुणा तंवर २०२१ ला टोकियोत उतरली, पहिलीच भारतीय. मग सोळाव्या वर्षी ऑलिम्पिकचा गट धरून बसायची घाई कशाला?

आणि पानिपाक ४९ मध्ये जिंकायची ती ४९ किलोची होती म्हणून नाही हो. ती उंच आहे, पाय लांब, आणि पाय किती झटकन वर येतो ते बघा. डोक्याला साधी किक लागली तर ३ पॉइंट, फिरून मारलेली लागली तर ५, पोटावर २ आणि ४, पंचला १. दोन मिनिटांचा राउंड असतो. उपाशी पोरीचा पाय दुसऱ्या राउंडला कमरेच्या वर जात नाही, मी सांगते, कारण माझा गेला नव्हता. मी एकोणीस वर्षांची असताना असंच पाणी तोडून वजन उतरवलं, वजनात बसले आणि मॅटवर डोळ्यासमोर अंधार आला. समोरची पोरगी माझ्यापेक्षा बारकी होती, तिनं सहज मारलं मला. त्या दिवशी मेडल गेलं त्याचं काही नाही, नंतर सहा महिने केस गळत होते.

फॉर्मचं म्हणाल तर एंट्रीची शेवटची तारीख व्हायच्या आत बदलून घ्या. स्पर्धेच्या ठिकाणी गेल्यावर मग वजन जास्त भरलं तर ठरलेल्या वेळेत आणखी एकदा काट्यावर उभं राहता येतं, त्यातही नाही बसलं की बाहेर. म्हणून आत्ताच.

निपाणीकर

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सर चुकीचं सांगताहेत असं मला वाटत नाही. इराणची किमिया अलीजादे २०१४ ला युथ ऑलिम्पिकला ६३ मध्ये सोनं जिंकली आणि दोन वर्षांनी रिओला ५७ मध्ये खेळून ब्राँझ आणलं, तेव्हा अठरा वर्षांची होती, इराणच्या बाईला ऑलिम्पिकचं ते पहिलं मेडल. म्हणजे वजन खाली आणून मोठं होता येतं. आपल्या भागातल्या पोरी मुळातच बुटक्या, ५२ मध्ये समोर उंच पोरगी आली तर पायच पोचत नाही. माझा पुतण्या खेळतो, त्याच्या क्लासमध्ये सगळेच उतरवतात.

काळा पट्टा

निपाणीकर, दोन वर्षं आणि तीन महिने ह्यात फरक आहे की नाही? त्या पातळीवर डॉक्टर, डाएटिशियन सगळं हाताशी असतं. इथं काय आहे, रेनकोट आणि गिरणीचा काटा. आणि सगळेच उतरवतात म्हणून ते बरोबर होत नाही. विनेशचं पॅरिसला काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, १०० ग्राम जास्त भरलं आणि फायनल गेली, आणि ती तर मुरलेली पैलवान.

सिस्टर बेळगाव

ताई मी नर्स आहे, बावीस वर्षं बायकांच्या वॉर्डला काम केलंय, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. तुम्ही घाबरलाय ते बरोबरच आहे. व्यायामात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात गेलं नाही की शरीर आधी पाळी बंद करतं, जणू घरात पैसा कमी पडला की आपण आधी नवीन कपडा बंद करतो तसं. पोरींना वाटतं सुटलो एकदाचं, पण त्याच वेळी हाडं कमजोर व्हायला लागलेली असतात, आणि हाडं भरायचं वय हेच. मग साध्या सरावात नडगीला चीर जाते. दम लागतो, चिडचिड होते, थंडी वाजते. ती गार वाटतंय म्हणाली ते तुम्ही बहाणा समजलात, कदाचित खरंच गार वाटत असेल तिला.

तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका, ह्याच आठवड्यात बायकांच्या डॉक्टरांकडं घेऊन जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड करतील, बाकी काय लागेल ते त्या सांगतील. डॉक्टरांना रेनकोटचं आणि डब्याचं सगळं सांगा, लपवू नका. आणि तो रेनकोट आधी बंद, त्यानं चरबी जात नाही, नुसतं पाणी जातं आणि उन्हाळ्यात त्यानं जीवावर बेतू शकतं. खायला काही वेगळं आणायला नको, नाचण्याची आंबील, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, उकड्या तांदळाचा भात, आपल्या घरात असतं तेच पोटभर द्या. तिच्यासमोर वजनाचा शब्द काढू नका काही दिवस.

सरांशी पाळीचं बोलायला लाज वाटत असेल तर डॉक्टरांकडनं चिठ्ठी लिहून घ्या, वजन कमी करू नये एवढंच. चिठ्ठी पुढं केली की तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

चंदगडचा मामा

वहिनी, एक सुचवू? तुमचं माहेर हिकडं चंदगड गडहिंग्लजकडं असेल तर पोरीला महाराष्ट्रातनं खेळवता येतंय का बघा की, फॉर्म तरी मराठीत मिळेल.

काळा पट्टा

मामा, भावना कळते पण आता दोन महिन्यांवर स्पर्धा असताना राज्य बदलायचं डोक्यात घालू नका. शाळा, रहिवास, आधार सगळं तिकडचं, आणि सर ओळखीचे आहेत. कन्नड फॉर्म कुणाकडनं तरी वाचून घ्या म्हणजे झालं.

अजून एक ताई, पोरीला अरुणाचलच्या रूपा बायोरचे व्हिडिओ दाखवा. ती पूमसे खेळते, म्हणजे लढत नाही, एकटीनं ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या, त्यात वजनगट नसतोच, नुसती शिस्त आणि तोल. २०२४ ला एशियन चॅम्पियनशिपला ब्राँझ आणलं, पूमसेत तिथं भारताचं पहिलंच. लढत सोडायला सांगत नाही मी, पण पोटात नीट जाऊन अंग भरेपर्यंत सराव तुटायला नको असेल तर पूमसे करता येईल.

खानापूरची शिलाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, शाळा सुरू व्हायचे दिवस, युनिफॉर्मची गर्दी होती. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, मी दोनदा वाचून काढलं आणि एकदा ह्यांनापण वाचून दाखवलं. हे क्लास बंद करा म्हणाले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी येताना अंड्यांचा ट्रे घेऊन आले.

डॉक्टरांकडं जाऊन आलो. हिमोग्लोबिन ९.१ निघालं, थायरॉईड ठीक आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, महिनाभर पळणं बंद, हलका सराव चालेल म्हणाल्या. डॉक्टर बाई पोरीशी एकटीशी बोलल्या, मला बाहेर बसवलं. आत काय बोलणं झालं मी विचारलं नाही, पण बाहेर आल्यावर बसस्टँडवर पोरीनं आपण होऊन भजी मागितली.

सिस्टर म्हणाल्या तशी चिठ्ठी घेऊन सरांकडं गेले. सर वाचून जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले मला हिनं सांगितलंच नाही, मी नीट जेवून कमी कर म्हटलो होतो. पोरगी खाली बघत होती. कोण किती खरं ते मी खोदत बसले नाही. एशियन गेम्सला ५३ असतो हे मीच त्यांना सांगितलं, त्यांनी तिथंच फोनवर बघितलं आणि एंट्री ५२ ची करून दिली, तारीख जायला चार दिवस होते. ह्यावेळी तूकचा रकाना मी स्वतः बोट ठेवून वाचला. जुलैत खेळायची की नाही ते डॉक्टर पुढच्या तपासणीला सांगणार, पोरगी त्यावर रडली, अजून रुसलेलीच आहे माझ्यावर, पण जेवते.

पाळी अजून आलेली नाही. सिस्टर, गोळ्या सुरू करून किती दिवसांत फरक पडतो, आणि नाहीच आली तर परत कधी जाऊ? आणि काळा पट्टा ताई, सेन्सरचे सॉक्स कुठं जुने पण चांगले मिळतील काय, हिचे टाचेला विरलेत, मी रफू करायला घेतले होते पण आतली सेन्सरची पट्टी शिवणीत धरली गेली तर पॉइंटच लागणार नाही म्हणून तसेच ठेवलेत.