जपानी पाहुणा भांडला का नाही?

पावसचा_बागायतदार
आमची रत्नागिरीजवळ दोनशे कलमं. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत थोडा हापूस जपानला गेला. जपानने 2006 मध्ये आपल्या आंब्याला दार उघडलं ते बाष्पप्रक्रियेच्या अटीवर, म्हणजे फळमाशी मरावी म्हणून फळ गरम वाफेत ठेवायचं. ते सगळं रीतसर पार पडलं. त्याआधी खरेदीदार स्वतः बागेत येऊन गेला. दोन्ही हातांनी कार्ड दिलं, कलमाखाली बसून सोलकढी प्यायला. मी दर बोललो की तो मान हलवून "हाइ, हाइ" करायचा. मला वाटलं, पटलं. आता कळतं, तो फक्त "ऐकतोय" म्हणत होता.

माल पोचला आणि मेल आला. अकरा फोटो. कापलेला आंबा, मध्ये पांढरट साका, म्हणजे गराचा स्पंजासारखा बिघडलेला भाग, शेजारी पेटीचा नंबर आणि सेंटिमीटरची पट्टी. पैशांबद्दल अवाक्षर नाही. मी कळवलं, हापूस आहे, थोडाफार साका यायचाच, पुढच्या खेपेला सांभाळून घेऊ. त्याने आभार मानले. पुढच्या हंगामात ऑर्डर नाही. विचारलं तर "विचार करतो".

वाशीचा आमचा दलाल पहाटे पाचला फोनवर शिव्या घालतो आणि दुपारी हिशेबाची पट्टी पाठवतो. शिव्या आहेत तोवर व्यवहार आहे. हा गप्प झाला म्हणजे संपलं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. परदेशी माणसाशी बोलणी करायची तर आधी त्याची रीत शिकवायला हवी. माल कसा पिकवायचा हे सगळे शिकवतात.

खाडीकाठ
काका, नाही पटलं. मुलगी बघून आल्यावर "कळवतो" म्हणणारे आपणच ना? "बघूया"चा अर्थ कोकणातल्या शेंबड्या पोराला कळतो, मग "विचार करतो" कळलं नाही असं कसं? एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने 1976 मध्ये जगाची अशी वाटणी मांडली की काही समाजांत बरंचसं न बोलता समजून घ्यायचं असतं, काहींत सगळं शब्दांत सांगावं लागतं. जपानी पहिल्या पंगतीत, आणि आपणही त्याच पंगतीच्या आसपास बसतो. जर्मन, स्विस दुसऱ्या पंगतीत. तुमचं वाजलं ते पंगतीतल्या शेजाऱ्याशी!

फोटोत सेंटिमीटरची पट्टी कशाला ठेवली असेल? तो मोजून विचारत होता, तुम्ही न मोजता उत्तर दिलंत.

पावसचा_बागायतदार
मोजायला फळं जपानात होती. साका बाहेरून दिसतो का? तुझ्या लॅपटॉपला दिसत असेल.

काजूवाली_वेंगुर्ला
काकानू, रागावू नकात. बाहेरून दिसत नाही म्हणूनच आमच्या धंद्यात बी फोडून बघतात. आमच्याकडे कच्चा काजू पश्चिम आफ्रिकेतून येतो. 80 किलोच्या पोत्यात किती पौंड गर निघेल, त्याला आउटटर्न म्हणतात. कंटेनर उघडला की निवडक पोत्यांतल्या बिया काढायच्या, फोडायच्या, गर वजन करायचा. करारात 48 लिहिलं आणि 46 निघालं तर किती पैसे कापायचे, हे माल जहाजावर चढायच्या आधीच ठरलेलं असतं.

बेनिनचा माझा व्यापारी फोनवर आधी घरच्यांची खुशाली विचारतो, मग शेजाऱ्यांची, मग पावसाची. पहिल्या वर्षी मी मध्येच तोडून दर विचारला. दोन दिवस फोन उचलला नाही. आता मीही विचारते, त्याच्या आईच्या गुडघ्यांपासून सगळं. पण एकदा गर कमी निघाला तेव्हा पैसे परत आले ते आउटटर्नच्या ओळीमुळे. गुडघ्यांमुळे नाही.

अंजनवेलकर
कागदाचं कौतुक आम्हा गुहागरवाल्यांना सांगू नका. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या इथल्या दाभोळ वीजप्रकल्पाचा 1993 चा वीजखरेदी करार चांगला जाडजूड होता. वीज उचला नाहीतर नका उचलू, क्षमतेचे पैसे द्या. 1995 मध्ये राज्यात सरकार बदललं आणि करार रद्द. एन्रॉनवाल्यांच्या हिशेबी सही झाली की विषय संपतो. आपल्याकडे खरी चर्चा सहीनंतर सुरू होते! त्याच वर्षी त्यांच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की भारतीयांचं "शिक्षण" आणि प्रकल्पाची तयारी यांवर दोन कोटी डॉलर खर्च झाले. बाईंना समजावणी म्हणायची असेल, इथे प्रत्येकाने लाच ऐकली. मग फेरबोलणी, 1996 मध्ये नवा करार, 2001 मध्ये प्रकल्प बंद आणि वर्षअखेरीला कंपनीच दिवाळखोर. कागद होता की!

खाडीकाठ
तिथे भांडण दराचं होतं. महाग वीज कुठल्या संस्कृतीला परवडते? हा शब्द आला की हिशेब विचारायचा राहून जातो, माझी तक्रार एवढीच आहे.

दुबईत_पंधरा_वर्षं
मधलंच सांगतो. 2022 ला रमजान ऐन एप्रिलात, हापूसच्या हंगामात आला. आमच्या ओळखीचा एक निर्यातदार भर दुपारी मीटिंगचा हट्ट धरून बसला, वर पाहुण्यांसमोर पाणी प्यायला. दुसरा इफ्तारनंतर रात्री दहाला पेटी घेऊन गेला. ऑर्डर कोणाला मिळाली ते लिहीत नाही. चला, कामावर जातो.

पावसचा_बागायतदार
हेच तर म्हणतोय! माझ्या वडिलांनी मुंबईच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून झालेले सौदे पाहिले. लिहिलेलं काही नाही, आणि शब्द कोणी फिरवत नसे.

खाडीकाठ
आणि रुमालाखालचा दर बागायतदाराला दिसायचा का? दलालाला आणि घेणाऱ्याला, दोघांनाच माहीत. तुमच्या वडिलांना कळायचा तो हिशेबाच्या पट्टीवर, दलाल लिहील तेवढा. तो विश्वास नव्हता काका, तिथे दुसरा इलाज नव्हता.

काजूवाली_वेंगुर्ला
हे मात्र खरं. आणि पुन्हा जपानला माल धाडलात तर करारात कायदा कुठल्या देशाचा हेही लिहा. मालविक्रीचा संयुक्त राष्ट्रांचा 1980 चा करार जपानमध्ये 2009 पासून लागू आहे, भारत त्यात नाही. शंभर फळांत किती साका चालेल, तो आकडा सगळ्यात वर.

पावसचा_बागायतदार
शंभरात इतका साका चालेल असं लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल.

काजूवाली_वेंगुर्ला
तसंही पळालंच ना?

पावसचा_बागायतदार
जुना मेल आत्ता उघडला. फोटो अकरा नाहीत, बारा आहेत. बाराव्यात चांगला निघालेला आंबा आहे. तोही कापून, पट्टी ठेवून. खाली जपानीत एक ओळ. मुलाला दाखवायची आहे, पण तो झोपलाय.