टाचांच्या भेगांवर कोकमतेल कसे लावावे?

प्रश्न : थंडी सुरू झाली की आईच्या टाचांना खोल भेगा पडतात. सावंतवाडीहून कोकमतेलाचा गोळा आणला आहे, परंतु तो फारच घट्ट आहे. तो कसा वापरावा?

उत्तर १ : हे तेल साधारण ४० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे लहान तुकडा पळीत घेऊन मंद आचेवर पातळ करावा आणि रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, टिपून, त्वचा किंचित ओलसर असतानाच ते सोसवेल इतके कोमट झाल्यावर भेगांत भरून सुती मोजे घालावेत.

उत्तर २ : पद्धत योग्यच आहे, मात्र मोज्यांशिवाय चालू नये, फरशीवर पाय हमखास घसरतो.

उत्तर ३ : आईंना मधुमेह असल्यास किंवा भेगांतून रक्त येत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण अशा जखमा लवकर चिघळतात.